चावीमास्तरांचा जबाब

चावीमास्तरांना गप्प बसता येत नव्हतं. एखाद्याला दूध पचत नाही, तसं त्यांना मौन पचत नसे. त्यांची टपरी होती दवाखान्याच्या जिन्याखाली, एक माणूस आणि एक यंत्र मावेल एवढी. भिंतीवर न कापलेल्या चाव्यांचे झुपके, हाताशी कानशी, आणि पायाशी एक पत्र्याची पेटी. तिच्यात नाजूक चिमटे, वाकवलेल्या तारा नि पट्ट्या. चावी कापायला लागायची चार मिनिटं, पण गिऱ्हाईक सुटायचं अर्ध्या तासाने. मास्तर आधी त्या कुलपाची सगळी कुंडली मांडायचे, मग ते बनवणाऱ्या कारखान्याची अक्कल काढायचे, आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, ते चावीशिवाय कसं उघडतं तेही सांगून टाकायचे.

त्यांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. ती शंभरदा म्हणाली असेल की अहो, हे सगळ्या जगाला कशाला सांगता. त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं, विद्या दिल्याने वाढते. आता यावर कुणी काय बोलायचं? ती बिचारी मशीनचं पायडल हाणायला लागायची.

आणखी एक खोड होती. गावातले बाकीचे चावीवाले कुणाचं घर उघडायला गेले की आधी कागद मागत. वीजबिल म्हणा, ओळखपत्र म्हणा, काहीतरी बघून वहीत नाव-पत्ता लिहून घेत आणि सही घेत. धंद्याची रीतच होती ती. मास्तरांना मात्र ही रीत म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान वाटे. घराबाहेर अडकलेला माणूस आधीच रडकुंडीला आलेला असतो, त्याला कागद काय मागायचा, कागद तर आतच असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मला चेहरा बघितला की माणूस कळतो, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. वीस वर्षांत एकाही चेहऱ्याने त्यांना फसवलं नव्हतं. निदान त्यांच्या कानावर तरी आलं नव्हतं.

एका दुपारी असाच एक चेहरा टपरीपुढे आला. इस्त्रीचा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं असं मऊ की लोणीच. बायको चावी घेऊन बहिणीकडे गेली, मी आपला बाहेर, म्हणाला. मास्तरांनी पेटी उचलली. दुसरा मजला, शिसवी दार, महागातलं कुलूप. मास्तरांनी कान लावला, तार फिरवली, आणि तोंडाने कुलपाच्या आतल्या पाच पिनांची गोष्ट सांगत सांगत ते उघडलं. गृहस्थाने त्यांना पाणी देऊ केलं. पेला शोधायला त्याने स्वैपाकघरातली तीन कपाटं उघडली. मास्तरांनी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, बायको नसली की पुरुषाला स्वतःच्या घरातला पेला सापडत नाही. मग गृहस्थ संकोचून म्हणाला, आता आलाच आहात तर आतल्या खोलीतलं लोखंडी कपाटही उघडून द्या, त्याचीही चावी तिच्याकडेच. मास्तरांनी तेही उघडून दिलं. काय म्हणावं या माणसाला! दोन कामांची मजुरी त्यांनी दीड कामाची घेतली, वर गृहस्थाला संसारात चाव्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात असा सल्ला दिला.

चार दिवसांनी त्या घराचे खरे मालक परगावहून आले, तेव्हा कपाटात हँगर तेवढे शिल्लक होते. समोरच्या बाईंनी मास्तरांना जिन्यात पाहिलं होतं. पाहिलं कसलं, त्यांच्याकडून पाच पिनांची गोष्ट ऐकलीसुद्धा होती.

पोलीस आले ते अगदी सभ्यपणे. जरा दोन मिनिटं ठाण्यावर चला, म्हणाले. "दोन मिनिटं" हे पोलिसांच्या भाषेतलं माप आहे. त्याचा आपल्या घड्याळाशी काही संबंध नसतो. बायकोने विचारलं, का बरं? मास्तर चपला घालता घालता म्हणाले, "अगं, कर नाही त्याला डर कशाला?" या म्हणीने आजवर जेवढी माणसं आत घातली असतील, तेवढी पोलिसांनीही घातली नसतील. पण म्हणीवर खटला चालत नाही.

ठाण्यात एक अधिकारी होते. जाड मिशा, बारीक आवाज, समोर फायलींचा डोंगर. त्यांनी टेबलाच्या काचेखालचा कागद वाचायला घेतला, फलाटावर गाडी उशिरा असल्याचं सांगतात ना, त्याच आवाजात. तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे, तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, तुम्हाला वकील बोलावण्याचा अधिकार आहे, वकील परवडत नसेल तर तो सरकारकडून मिळेल, घरच्यांना कळवण्याचा अधिकार आहे. शिंक यायला लागतो त्याहून कमी वेळात सगळं आटोपलं. "कळलं?" त्यांनी विचारलं. "कळलं," मास्तर म्हणाले आणि दाखवतील तिथे सही केली. खरं तर त्यांनी त्यातलं "तुम्ही जे बोलाल" एवढंच ऐकलं होतं, आणि इथे आपलं बोलणं ऐकून घेणार आहेत म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

घरी कळवण्याचा अधिकार त्यांनी वापरला, पण तोवर बायकोने आपल्या नणंदेच्या मुलीला, म्हणजे मास्तरांच्या भाचीला गाठलं होतं. भाची एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करायची. दिवसभर लोकांचे जबाब नि अर्ज टाइप करून करून तिला एवढं कळून चुकलं होतं की माणसं गुन्ह्याने कमी आणि बोलण्याने जास्त अडकतात. फोन तिनेच घेतला. तिने मामांना बोलूच दिलं नाही. "मामा, एकच वाक्य म्हणायचं. वकील आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. बस. हवापाण्याच्या गप्पासुद्धा नाहीत. तोंडाला कुलूप." मास्तर हसून म्हणाले की न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय. ती म्हणाली तीच तर भीती आहे, आणि वकिलांना घेऊन तासाभरात येते असं सांगून तिने फोन ठेवला.

तासभर! मास्तरांना तासभर गप्प बसवणं म्हणजे माशाला तासभर झाडावर बसवणं. तरी त्यांनी प्रयत्न केला. ते वाक्य त्यांनी एकदा म्हटलंसुद्धा. अधिकाऱ्यांनी मान हलवली, तुमचा अधिकारच आहे म्हणाले, आणि फाइल मिटली. मग शेजारच्या हवालदाराशी आपले सहज बोलायला लागले. ते म्हणाले, बाकी हे काम साध्या माणसाचं नव्हेच. असलं कुलूप उघडायचं म्हणजे परदेशी यंत्र पाहिजे आणि तास-दीड तास पाहिजे. आपल्या इथल्या चावीवाल्यांची ती प्राज्ञा नाही.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना चोर म्हटलं असतं तर ते कदाचित गप्प बसले असते. पण तास-दीड तास? ते खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, "साहेब, दीड मिनिट."

झालं. बांध फुटला. अधिकाऱ्यांनी विश्वास नसल्यासारखं केलं, आणि मास्तर विश्वास बसवायच्या मागे लागले. ठाण्यात एक कपाट होतं. आधीचे कारकून बदली होऊन जाताना त्याची चावी खिशात घेऊन गेले होते, त्याला चार महिने झाले होते. मास्तरांना ते दाखवण्यात आलं. पेटी जवळच होती, पोलिसांनीच ती पुरावा म्हणून आणली होती. मास्तरांनी बाह्या वर केल्या. हवालदाराने घड्याळ धरलं, दुसऱ्याने मोबाइल. मोबाइल बघून मास्तरांनी खिशातून फणी काढून केस विंचरले. हे सगळं चित्रीकरणात आहे. पुढे वर्षभर ते कोर्टात ज्याने त्याने पाहिलं, आणि फणीच्या जागी प्रत्येक वेळी कुणीतरी हसलंच.

कपाट त्रेचाळीस सेकंदांत उघडलं. टाळ्या पडल्या, चहा आला. एका हवालदाराने आपल्या स्कूटरच्या डिकीबद्दल विचारून घेतलं. अधिकारी तर भारावूनच गेले. त्यांनी फार आदराने विचारलं की मास्तर, असं सफाईदार काम, दाराला एक ओरखडाही न पाडता, या गावात आणखी कुणाला जमेल? आता इथे तरी माणसाने थांबावं की नाही? मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि छाती फुगवून सांगितलं, "कुणालाच नाही. बाकीचे कुलूप फोडतात. उघडतो तो मीच." कारकुनाने शब्दन् शब्द उतरवून घेतला. पाच पानं झाली. प्रत्येक पानाखाली "वाचून पाहिले, बरोबर आहे" असं छापलेलं होतं आणि प्रत्येक पानाखाली मास्तरांनी न वाचता, वळणदार सही केली.

त्या पाच पानांत सोनेरी काडीच्या गृहस्थाचाही उल्लेख आहे, नाही असं नाही. तिसऱ्या पानावर अर्धी ओळ. "सोबत एक अनोळखी इसम." बस.

मग मास्तर उठले, पेटी मिटली, आणि आता निघू का म्हणाले. अधिकारी म्हणाले, आता नाही. त्यांचा आवाज तेवढाच बारीक होता, फक्त त्यातला आदर गेला होता. पेटी त्यांनी टेबलाच्या पलीकडे ओढून घेतली. भाची आणि वकील आले तेव्हा मास्तरांच्या बोटांना ठशांची काळी शाई लागलेली होती. त्यांनी भाचीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिने कपाळाला हात लावला. मामाचा चेहरा बघून तिचा राग तिथेच विरला.

जामीन मिळायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मास्तरांना बरंच ज्ञान झालं. उदाहरणार्थ, कोठडीच्या दाराचं कुलूप अगदीच सामान्य असतं, आणि ते बघत बसण्यापलीकडे काही करायचं नसतं. नवव्या दिवशी न्यायाधीशांनी जामिनाच्या अटी वाचल्या. गाव सोडायचं नाही. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. निकाल लागेपर्यंत कुलूप-चावीचं कसलंही काम करायचं नाही. कळलं? कळलं, मास्तर म्हणाले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "कसलंही म्हणजे चाव्यासुद्धा कापायच्या नाहीत?" नाही, ती म्हणाली. मास्तर कोर्टाच्या पायरीवर मटकन खाली बसले.

टपरी बंद झाली. मास्तर घरी बसून गणवेशांना बटणं लावायला लागले. वीस वर्षं पोलादात बोटं घातलेला माणूस, त्याच्या हातात सुई. बायको त्यांनी लावलेली बटणं दुपारी पुन्हा उसवून लावायची. आणि घरात शुकशुकाट. मास्तर बोलेनासे झाले होते. लोकांनी पाहिलं की ते आधी गप्प बसायचे, मग इकडेतिकडे बघायचे, मग "हो" म्हणायचे. बायको म्हणायची, एवढी वर्षं देवाला म्हणत होते यांचं तोंड बंद कर, पण असं नव्हतं रे म्हटलं.

तारखा पडत गेल्या. एका तारखेला साक्षीदार नाही, एका तारखेला सरकारी वकील नाहीत, एका तारखेला सगळे आहेत पण वीज नाही. त्या सोनेरी काडीवाल्याचा तपास? तो पोलिसांनी केलाच नाही. कशाला करतील? फाइल भरलेली होती, कबुली होती, चित्रफीत होती, गावात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही असं खुद्द आरोपीनेच सांगितलेलं होतं. पोलिसांच्या कामात असं सुख वारंवार येत नाही.

चौदा महिन्यांनी मास्तरांचे वकील एक तोडगा घेऊन आले. भाचीच्या कचेरीतल्या वकिलांची फी जामिनापुढे परवडली नव्हती, म्हणून हे सरकारने दिलेले वकील, मनाने चांगले, पण त्यांच्याकडे एका वेळी एवढी प्रकरणं असत की ते मास्तरांना दोनदा दुसऱ्याच्याच नावाने हाक मारून मोकळे झाले होते. त्यांनी सांगितलं की सरकारी पक्ष तयार आहे. चोरीला मदत केल्याचा गुन्हा कबूल करा; नऊ दिवस भोगलेत तेवढीच शिक्षा धरतील, त्याच दिवशी घरी, खटला संपला. नाही म्हणालात तर आणखी दोन वर्षं तारखा, आणि त्या फणीच्या चित्रफितीपुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मास्तर बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. त्यांनी भाचीला फक्त एवढंच विचारलं की कबूल केलं तर नावापुढे काय लागेल. तिने खोटं सांगितलं नाही. चोरीत सामील, असं लागेल. आणि ते पुसलं जात नाही. मास्तर हलकेच म्हणाले की मग घराची चावी माझ्या हातात कोण देईल? पण दोन वर्षं बटणं लावायचीही त्यांच्यात ताकद उरली नव्हती. बायको म्हणाली, तुम्ही घरी असलात की झालं. ठरलं, कबूल करायचं. भाची निघताना दारात थांबली. ती म्हणाली, "मामा, निर्णय तुमचाच. वकिलांचा नाही, माझा नाही, मामीचाही नाही. फक्त जे कळलं नाही, त्याला कळलं म्हणू नका."

कबुलीच्या तारखेला न्यायाधीशबाईंपुढे चाळीसच्या वर प्रकरणं होती. कबुलीची तर रांगच. नाव पुकारायचं, माणूस उभा राहायचा, बाई समोरचा कागद भराभर वाचायच्या, कळलं का विचारायच्या, माणूस कळलं म्हणायचा, कारकून शिक्का मारायचा. मास्तरांच्या आधी इस्त्रीचं दुकान असलेली एक बाई होती. गिऱ्हाइकाच्या कपड्यांत कुणाचं तरी पाकीट सापडल्याचं प्रकरण. ती कळलं म्हणाली आणि पदराने तोंड पुसत मागच्या बाकावर जाऊन बसली. तिचं सगळं मिळून दीड मिनिटात झालं.

मास्तर उभे राहिले. बाईंनी वाचायला सुरुवात केली. आपण हा गुन्हा स्वेच्छेने, कोणत्याही दडपणाशिवाय, त्याचे परिणाम पूर्णपणे समजून कबूल करत आहात, कबुलीनंतर आपला साक्षीदार तपासण्याचा अधिकार, अपिलाचा अधिकार, असं काय काय. आवाज दमलेला, मान कागदात. "कळलं?"

वकिलांनी कोपराने हळूच ढोसलं. कारकुनाने शिक्का उचलून धरला होता. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले.

"नाही कळलं, मॅडम."

शिक्का तसाच वर राहिला. वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मान वर केली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. आधी त्या वैतागल्या, ते स्पष्टच दिसलं. काय कळलं नाही, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले की पहिल्या ओळीपासून. मला ठाण्यातही कळलं नव्हतं, जामिनाच्या वेळीही कळलं नव्हतं, दोन्ही वेळा मी कळलं म्हणालो. आता तुम्ही जरा सावकाश सांगा.

बाईंनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला आणि साध्या बोलीत सांगायला घेतलं. ओळ वाचायची आणि अर्थ सांगायचा. मास्तर मध्येमध्ये विचारत होते आणि त्या उत्तरं देत होत्या. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. माणसं कान देऊन ऐकायला लागली. काही तर आपापल्या घड्या घातलेल्या नोटिसा उलगडून बघायला लागली. गुन्ह्यात सामील याचा अर्थ सांगताना बाई म्हणाल्या, तो माणूस चोर आहे हे तुम्हाला ठाऊक असताना तुम्ही दार उघडून दिलंत, असं तुम्ही आज कबूल करताय. ठाऊक होतं का तुम्हाला?

चौदा महिन्यांत हा प्रश्न त्यांना एकानेही विचारला नव्हता. किती सेकंद लागले ते विचारलं होतं, कुठली तार वापरली ते विचारलं होतं. मास्तरांनी आधी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी डोळे उघडले आणि मान डोलावली, बोला.

"नाही," मास्तर म्हणाले. "मला वाटलं त्याचंच घर आहे."

"मग कबूल का करताय?"

"आज घरी जाता येईल म्हणून."

बाईंनी फाइल उघडून जबाबाची पानं चाळली आणि पेन उचललं. ही कबुली घेता येणार नाही, खटला चालेल, आणि तिसऱ्या पानावरच्या त्या अनोळखी इसमाचा काय तपास केला ते पुढच्या तारखेला पोलिसांनी लेखी सांगावं, असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. आणखी तारखा, आणखी बटणं. मास्तरांना ते समजलं. पण भाचीने पाहिलं, ते ताठ उभे होते. बाईंनी विचारलं की हे आता कळलं का, तर ते म्हणाले, हो मॅडम, हे कळलं.

कारकुनाने घाईघाईने पुढचं नाव पुकारलं. पण पुढचा माणूस उभा राहायच्या आधीच मागच्या बाकावरून इस्त्रीवाली बाई उठली. शिक्का मारलेला आपला कागद तिने दोन्ही हातांत धरला होता.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "मला पण नाही कळलं."